हळद, लसूण, सोयाबीन आणि कर्करोगाची जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरांतून आहाराबद्दल मला जे प्रश्न येतात, त्यांत कर्करोगाविषयीचे प्रश्न सगळ्यांत काकुळतीचे असतात. घरात कुणाला निदान झालं की नातेवाइकांचे संदेश सुरू होतात. कुणी हळदीचा पाठवतं, कुणी ग्रीन टीचा, कुणी गव्हांकुरांच्या रसाचा, आणि हल्ली त्यांत 'याने जनुकं बदलतात' हे वाक्य असतंच. ते वाक्य धादांत खोटं नाही, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावं लागतं. मी आहारतज्ज्ञ आहे, कर्करोगतज्ज्ञ नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

१. हळद-लसणाने जनुकं बदलतात म्हणे. म्हणजे माझा डीएनए बदलतो का?

नाही. डीएनएमधली अक्षरं तशीच राहतात. त्यातला कोणता मजकूर वाचला जाईल, तेवढं बदलू शकतं. माणसाच्या पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए असतो आणि प्रथिनं घडवणारी सुमारे २०,००० जनुकं. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत जनुकं तीच, पण वाचली जाणारी वेगळी. बासनात घट्ट बांधलेली पोथी वाचता येत नाही, सोडली की येते. तसा हा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर असिटाइल गट चिकटला की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचलं जातं. तो गट निघाला की ती पुन्हा आवळते. दुसरी खूण मिथाइल गटाची. ती थेट डीएनएवर बसते आणि जनुकाच्या सुरुवातीच्या भागात दाट झाली की ते जनुक गप्प होतं. याशिवाय सूक्ष्म आरएनए असतात. ते जनुकाकडून निघालेला निरोप वाटेतच अडवतात. या सगळ्याच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हे नाव कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये दिलं.

२. मग कर्करोगात या खुणांचं काय बिघडतं?

१९८३ मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट वोगेलस्टाइन यांनी दाखवलं, की गाठीतल्या पेशींच्या काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा कमी झालेल्या असतात. पुढे याच्या उलट गोष्टही सापडली. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांवर या खुणा नको तितक्या दाट बसतात आणि तो लगामच सुटतो. पी१६ आणि एमएलएच१ ही अशी जनुकं. प्रोस्टेटच्या कर्करोगात जीएसटीपी१ हे जनुक बहुतेक रुग्णांत असंच बंद पडलेलं आढळतं.

अक्षरच चुकलं तर ते सहजी दुरुस्त होत नाही, पण खूण पुसता येते. संशोधकांना आशा वाटते ती इथेच. त्यातून औषधंही आली: अमेरिकेत ॲझासिटिडिनला २००४ मध्ये आणि व्होरिनोस्टॅटला २००६ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं ठरावीक कर्करोगांसाठी, मोजून-मापून आणि रक्ताच्या तपासण्या करत दिली जातात. अन्नातले काही घटक याच खुणा लावणाऱ्या आणि काढणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) प्रयोगशाळेत रोखतात, म्हणून एवढी चर्चा.

३. आमच्या स्वयंपाकघरात असं काय काय असतं?

हळदीतलं कर्क्युमिन, लसणातली गंधकयुक्त द्रव्यं, कोबी-फ्लॉवर-मुळा-मोहरीच्या कुळातली द्रव्यं, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, चहातली कॅटेचिनं, कोकमातलं गार्सिनॉल. आणि ज्याचा संदेश कुणीच पुढे ढकलत नाही तो तंतू, म्हणजे डाळी-धान्यांचा चोथा. माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा तोच (प्रश्न १० पाहा).

४. प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, तर डॉक्टर हेच का देत नाहीत?

प्रयोगशाळेतली बशी आणि आपलं ताट यांच्यात मात्रेचं मोठं अंतर आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या गटाने अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या पेशींवर ग्रीन टीतलं ईजीसीजी हे कॅटेचिन घातलं, तेव्हा पी१६सारखी बंद पडलेली जनुकं पुन्हा चालू झाली. शोध खराच मोठा होता. पण पेशींवर जेवढं ईजीसीजी घातलं होतं, त्याच्या कित्येक पटींनी कमी ते दोन-तीन कप चहा पिणाऱ्याच्या रक्तात पोचतं. जे पोचतं तेही आतडं आणि यकृत मिळून लवकर रूपांतरित करून टाकतात.

दुसरी अडचण लहान अभ्यासांची. २००६ मध्ये इटलीत प्रोस्टेटमध्ये कर्करोगपूर्व बदल असलेल्या ६० पुरुषांवर चाचणी झाली. वर्षभरात हरित चहाची कॅटेचिनं घेणाऱ्यांपैकी एकालाच कर्करोग झाला, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी नऊ जणांना. सगळीकडे आनंद झाला. पुढे अमेरिकेत ९७ पुरुषांवर तशीच चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, आणि त्यांत ठळक फरक दिसला नाही. मला येणाऱ्या संदेशांत पहिली चाचणी असते, दुसरी नसते.

म्हणजे सगळं निरर्थक, असं मात्र नाही. २००७ मध्ये मोजक्या निरोगी माणसांना ब्रोकोलीचे ६८ ग्रॅम कोंब खायला दिले, तेव्हा काही तासांतच त्यांच्या रक्तपेशींत असिटाइल गट काढणाऱ्या विकराचं काम मंदावलं. अन्नाचा परिणाम जनुकांच्या खुणांपर्यंत पोचतो, हे त्यातून दिसलं. पण दुसऱ्या दिवशी तो ओसरलेला होता, आणि त्यावरून कर्करोग टळतो असं म्हणता येत नाही.

५. रोज सकाळी चमचाभर हळद मिरपूड घालून घेतो. चालेल ना?

रोजच्या वरण-भाजीतली, पोह्यातली, रात्रीच्या दुधातली हळद खुशाल घ्या. चमचे भरून औषध म्हणून घ्यायचा बेत असेल तर थोडं थांबा.

हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. ३ ग्रॅमच्या चमच्यात जेमतेम ९० मिलिग्रॅम. चाचण्यांत माणसांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात ते अगदी थोडं आढळलं. मिरीचा मुद्दा खरा आहे. १९९८ मध्ये बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं पिपेरीन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा शोषण २० पट वाढलं. पण पिपेरीन हे घडवून आणतं ते यकृताची निचऱ्याची वाट अडवून, आणि त्याच वाटेने तुमची बाकीची औषधंही जातात. म्हणून केमो किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) चालू असेल तर प्रश्न १३ आधी वाचा.

एपिजेनेटिक्सच्या बाजूने हळदीवरचं एक महत्त्वाचं काम भारतातलंच आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की कर्क्युमिन पी३०० या असिटाइल गट लावणाऱ्या विकराला रोखतं. दुसरीकडे, २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी जुना पुरावा तपासून सावध केलं: कर्क्युमिन अस्थिर आहे, अनेक चाचण्यांत ते फसवा परिणाम दाखवतं.

हळदीच्या कॅप्सूलांचा मात्र मी स्पष्ट विरोध करते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला आणि एकाचा मृत्यू झाला. फोडणीतल्या हळदीने असं होत नाही.

६. आमसुलातही काही सापडलंय का?

हो. कुंडू यांच्याच गटाने २००४ मध्ये कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल हेही असिटाइल गट लावणाऱ्या विकरांना रोखतं असं दाखवलं. काम पेशींवरचं आहे आणि सार किंवा सोलकढीच्या वाटीतून त्या मात्रेचं गार्सिनॉल मिळत नाही. सार करायचंच, चवीसाठी.

७. लसूण कच्चा खावा की शिजवून? भाजला तर गुण जातो का?

लसूण ठेचला की त्यातलं ॲलिनेज हे विकर ॲलिनवर काम करतं आणि ॲलिसिन बनतं. झोंबणारा वास येतो तो त्यामुळे. उष्णतेने विकर मरतं. म्हणून ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग फोडणीला टाका. २००१ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत एवढ्याने फरक पडलेला दिसला. आपल्या माळव्यात मंदसौर-नीमचचा लसूण मुबलक आहे, तेव्हा गोळीसाठी पैसे घालायचं कारण नाही.

माणसांतला चांगला पुरावा जठराच्या कर्करोगाबद्दल आहे. चीनच्या शानडोंग प्रांतात ३,३६५ लोकांवर १९९५ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत काहींना सात वर्षांहून अधिक काळ लसणाचा अर्क दिला. २२ वर्षांनंतरच्या हिशेबात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्या गटात कमी होते. रोगाचं प्रमाण मात्र ठळकपणे कमी नव्हतं. ही आकडेवारी खरी मानूनही मी लसणाला औषध म्हणत नाही, कारण त्याच चाचणीत जठरातल्या हेलिकोबॅक्टर जिवाणूवरचे नुसते दोन आठवड्यांचे उपचारही प्रभावी ठरले होते.

शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लसणाचा अर्क आणि मोठ्या प्रमाणात कच्चा लसूण डॉक्टरांना सांगूनच घ्यावा. त्याने रक्त गोठायला वेळ लागू शकतो.

८. ब्रोकोली महाग पडते. कोबी, मुळा चालतील का?

चालतील की. सगळं मोहरीचंच कुळ. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलाले यांच्या गटाने वेगळं केलं, म्हणून तिचं नाव झालं. कोबी-मुळ्यात त्याची भावंडं असतात. युक्ती लसणासारखीच आहे. हे द्रव्य भाजीत तयार नसतं, चिरल्यावर मायरोसिनेज विकर ते बनवतं आणि उकळलं की विकर जातं. म्हणून भाजी चिरून थोडा वेळ ठेवा, थोड्या वाफेवर शिजवा, पाणी फेकू नका. शिजलेल्या कोबीवर कच्च्या मोहरीची चिमूटभर पूड टाकली तर त्या पुडीतलं विकर हे काम पुढे नेतं. आपल्या लोणच्याच्या मोहरीचा हा चांगला उपयोग आहे. कोशिंबीर उत्तमच, पण केमो चालू असेल तर कच्चं खाण्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

९. आईला स्तनाचा कर्करोग होता. मावशी म्हणते सोयाबीन विष आहे. घरात सोयाच्या वड्या आणणं बंद करू का?

बंद करू नका. भीती आली कुठून ते सांगते. सोयाबीनमधलं जेनिस्टीन इस्ट्रोजेनसारखं दिसतं, पण फार क्षीण. अंडाशय काढलेल्या उंदरांत मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी घालून शुद्ध जेनिस्टीन दिल्यावर गाठी वाढल्या, आणि तिथून 'सोया नको' हा सल्ला पसरला. माणसांत चित्र उलट दिसलं. शांघायमध्ये स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या ५,०४२ स्त्रियांच्या अभ्यासात सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं. निष्कर्ष २००९ मध्ये आले. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांतही सोयाचा तोटा दिसला नाही. असा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही, पण विष म्हणायला जागाही ठेवत नाही.

खाणं आणि गोळी यांत फरक करा. वड्या, सोयाचं दूध, पनीर चालेल. जेनिस्टीनच्या किंवा 'आयसोफ्लेवोन'च्या गोळ्या नकोत. आणि माळव्यात सोयाबीन तेलातच जास्त जातं. रिफाइंड तेलात हे घटक जवळपास उरत नाहीत. म्हणजे सोया तेलात स्वयंपाक करताय म्हणून काही मिळतंय किंवा बिघडतंय, असं नाही. सोयाबीन कच्चं किंवा अर्धकच्चं कधीच खाऊ नये, त्यातलं ट्रिप्सिन-रोधक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतं. भिजवून नीट उकळून घ्यावं. आई थायरॉइडची गोळी घेत असेल तर गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा.

१०. एकच गोष्ट करायची असेल तर कोणती?

तंतू वाढवा. ज्वारीची भाकरी, सालीसकट डाळी, मोड आलेली मटकी, हिरवी पालेभाजी.

आतड्यातले जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. ते असिटाइल गट काढणाऱ्या विकरांना रोखतं, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. आणि इथे प्रश्न ४ मधलं अंतर नाही. प्रयोगशाळेत जेवढ्या मात्रेत ब्युटिरेट काम करतं, तेवढं मोठ्या आतड्यात प्रत्यक्षात असतं. निरोगी आतड्याच्या पेशी ते इंधन म्हणून जाळून टाकतात. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, त्यांच्यात ते न जळता साचतं आणि जनुकांच्या खुणांवर परिणाम करतं.

आतड्यांच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका, म्हणजे लिंच सिंड्रोम, असलेल्या ९००हून अधिक लोकांवर अनेक देशांत मिळून मोठी चाचणी झाली. काहींना रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला. आतड्याच्या कर्करोगात फरक पडला नाही. पण जठर, स्वादुपिंड, पित्तनलिका अशा इतर ठिकाणचे कर्करोग स्टार्च न घेणाऱ्यांत ४८ निघाले, घेणाऱ्यांत २७. स्टार्च सरासरी दोन वर्षं दिला होता आणि हा परिणाम दहा वर्षांनीही टिकून होता. हा स्टार्च किंचित हिरवट केळ्यात असतो. बऱ्हाणपूरच्या कच्च्या केळ्याची भाजी आणि शिजवून गार केलेला भात यांतही तो मिळतो. भात गरम जागी राहू न देता लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

पोह्यांचा विषय काढला की इंदुरात माणसं सावध होतात, पण पोहे-जिलबीचा नाश्ता तंतूंच्या दृष्टीने रिकामा आहे. पोह्यात मटार, मोड आणि कोथिंबीर घाला. शेव वरून थोडीच.

११. इतक्या गुणांच्या वनस्पती, मग सुपारीही वनस्पतीच ना? पानात तर पचनासाठी असते.

सुपारी वनस्पती आहे आणि कर्करोगकारकही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायसुद्धा, पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक गोष्टींच्या गटात टाकलं. तंबाखू आणि दारू याच गटात आहेत. सुपारीतल्या ॲरेकोलिनमुळे तोंडातलं आवरण कडक होतं, तोंड उघडेनासं होतं, आणि चघळणाऱ्यांच्या तोंडातल्या पेशींत पी१६ बंद करणाऱ्या मिथाइल खुणाही आढळल्या आहेत. जेवणानंतर बडीशेप पुरे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. घरातला कुणी गुटखा-मावा खात असेल तर हळदीची चर्चा बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोला. जळजळीत गरम, ६५ अंशांच्या वरचा चहा अन्ननलिकेला 'बहुधा कर्करोगकारक' आहे, असं याच संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं. दोन मिनिटं निवू द्या.

१२. अन्नातून कमी मिळतं, तर गोळ्या घेतल्या तर काय बिघडलं?

बिघडलेलं मोजून झालंय. गाजर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसायचा, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारे १८ टक्के जास्त होता. अमेरिकेतली दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, तिथे २८ टक्के जास्त. गाजर खाणं चांगलंच होतं, फक्त त्यातला एक घटक वेगळा काढून मोठ्या मात्रेत घेणं ही निराळी गोष्ट आहे. धूम्रपान करणाऱ्यांनी या गोळ्या घेऊच नयेत. ग्रीन टीच्या अर्काचंही तेच: दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजीने यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं.

१३. बाबांची केमो सुरू आहे. काय थांबवू?

कॅप्सूल, अर्क, काढे, रस: सगळ्यांची यादी, डबा-बाटलीसकट, डॉक्टरांना दाखवा. काही उदाहरणं पक्की आहेत. मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या कर्करोगासाठी) बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर ग्रीन टीचा अर्क नको, कारण प्रयोगांत ईजीसीजीने औषधाला चिकटून त्याला निकामी केलं. टॅमॉक्सिफेनसोबत कर्क्युमिन-पिपेरीन घेणाऱ्या स्त्रियांत औषधाचं कार्यरत रूप रक्तात कमी झालं. पपनस आणि ग्रेपफ्रूट अनेक औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात.

जेवणात जपायचं ते स्वच्छतेला आणि प्रथिनांना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना ठेल्यावरचं कापलेलं फळ, बाहेरची चटणी, न धुतलेली कोशिंबीर टाळा. चोइथराम मंडीतून आणलेली भाजी घरी वाहत्या पाण्यात धुवून शिजवा. वजन उतरत असेल तर आधी मुगाची खिचडी, दही, अंडं, पनीर; एपिजेनेटिक्सचा विचार नंतर.

१४. मुलगी गरोदर आहे, तिला फॉलिक आम्ल सांगितलंय. आजोबांच्या आतड्यात पॉलिप निघालेत, त्यांना ते देऊ नका म्हणाले. दोन्ही खरं कसं?

दोन्ही खरं आहे. मिथाइल खूण लावण्यासाठी लागणारी सामग्री फोलेटमधून (फॉलिक आम्लाच्या अन्नातल्या रूपातून) येते, आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना ती हवीच असते. बाळाच्या मेंदू-कण्यासाठी ती अत्यावश्यक आहे, म्हणून मुलीची गोळी चुकवू नका. पण ज्याच्या आतड्यात आधीच पॉलिप आहेत, तिथे फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी मदत झाली नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुढच्या टप्प्यातले बदल उलट जास्त दिसले. आजोबांनी मेथी, पालक, डाळी खाव्यात; ती बंदी त्यांना नाही.

१५. आईच्या खाण्याने पोटातल्या बाळाच्या जनुकांवर परिणाम होतो का?

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. त्या वेळी गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या महिन्यांत असलेल्या माणसांत सहा दशकांनंतर आयजीएफ२ या जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या; २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. उंदरांतही जेनिस्टीनयुक्त आहार घेणाऱ्या माद्यांच्या पिलांचा केसांचा रंग बदलला. म्हणजे परिणाम होतो. पण कोणता पदार्थ खाल्ला तर बाळाला पुढे कर्करोग होणार नाही, असा कुठलाही निष्कर्ष यातून निघत नाही. गर्भारपणात सोया किंवा हळदीच्या गोळ्या घेऊ नका.

१६. आमच्या घराण्यात बीआरसीए दोष (स्तन-अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकीय दोष) आहे. आहाराने तो झाकता येईल का?

नाही. तो अक्षरातला दोष आहे (प्रश्न १ आणि २), खुणेतला नाही. जनुकीय समुपदेशन, वेळच्या वेळी तपासण्या आणि डॉक्टर सांगतील ते प्रतिबंधक उपाय हेच काम करतात. आहाराने वजन आणि मधुमेह ताब्यात राहतो, तो लाभ वेगळा आहे.

१७. काका उपचार सोडून लक्ष्मणफळ आणि जर्दाळूच्या बियांवर राहणार म्हणतायत. कसं समजवावं?

जर्दाळूच्या बियांतलं ॲमिग्डॅलिन पोटात सायनाइड सोडतं. त्या आजच थांबवा. लक्ष्मणफळातल्या द्रव्यांचा कॅरिबियनमधल्या ग्वाडेलुप बेटावर कंपवातासारख्या विकाराशी संबंध आढळला आहे.

समजावताना आकडा सांगा, धाक घालू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बरा होण्याजोगा कर्करोग असूनही फक्त पर्यायी उपाय निवडणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. काकांना विचारा, उपचारातलं नेमकं काय असह्य होतंय. पुष्कळदा मळमळ, तोंड येणं, खर्चाची चिंता किंवा कुणी नीट न बोलणं यांतलं काहीतरी निघतं, आणि त्यातल्या पहिल्या दोनवर औषधं आहेत, तिसऱ्यासाठी आयुष्मान कार्डाबद्दल रुग्णालयातल्या मदत कक्षात चौकशी करता येते. पुढच्या भेटीला त्यांच्यासोबत आत जा आणि डब्यात उरलेल्या बियाही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.